देवयानीच्या भुजा फोटोत का उमटत नाहीत?

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी फोकल लेन्थची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, दुर्बीण आहे. ईक्यू-२ माउंट, म्हणजे आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड, आहे आणि त्याला एका अक्षाची मोटर बसवली आहे. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. घराच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचे, म्हणजे एम ३१ चे, ३० सेकंदांचे २० फोटो काढले. कॅमेरा थेट दुर्बिणीला लावला तर फोकस येईना, म्हणून मध्ये २एक्स बार्लो, म्हणजे फोकल लेन्थ दुप्पट करणारी लेन्स, घातली. एवढं करून हाती लागला तो मधोमध एक राखाडी डाग. आता विचारणा अशी आहे की ८ इंची दुर्बीण घेतली तर दीर्घिकेच्या भुजा, म्हणजे गाभ्याभोवतीचे वेटोळे, दिसतील का.

माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. दुर्बीण लहान आहे म्हणून डाग आलेला नाही. तो कशामुळे आला ते तुमच्या प्रश्नातच आहे: बार्लो, शहरातली गच्ची आणि एकूण दहा मिनिटांचा प्रकाश. या तीन गोष्टी तशाच ठेवून ८ इंची दुर्बीण आणलीत, तर डाग मोठा येईल, एवढंच. मी पुण्यात राहते आणि गेली बरीच वर्षं दीर्घिकांचे फोटो काढते. आधी ६ इंची दुर्बिणीतून काढायचे, आता ८ इंची. त्यामुळे पुढचं जे सांगते ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. तुमच्या गच्चीवरून उत्तरेला काय दिसतं, गाडी आहे का, महिन्यातल्या किती रात्री बाहेर काढता येतात, यावर बराच फरक पडेल. तो जिथे पडतो तिथे सांगत जाईन.

सुरुवात बार्लोपासून करू. एम ३१ आकाशात ३ अंशांहून जास्त लांब पसरलेली आहे, म्हणजे पूर्ण चंद्र एकाला एक लावून सहा ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढी. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिमीचा. ६५० मिमीवर त्यात जवळपास २ अंश बाय १.३ अंश आकाश मावतं, म्हणजे बार्लोशिवायसुद्धा दीर्घिकेची टोकं कापली जातात. बार्लो लावून फोकल लेन्थ १३०० मिमी झाली आणि फ्रेममध्ये एक अंशाचा तुकडा उरला. तुम्ही दीर्घिकेचा फक्त गाभा टिपलात, आणि गाभा हा तेजस्वी, गुळगुळीत, काहीच तपशील नसलेला भाग आहे. तो राखाडी डागासारखाच दिसतो. माझ्या दुर्बिणीतूनही.

बार्लोने दुसरंही नुकसान केलं. एका भाकरीला पुरेल एवढं तूप चार भाकऱ्यांवर पसरलं, तर प्रत्येकीवर नुसता वास राहील. दुर्बिणीच्या आरशाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहिला, पण तो चौपट क्षेत्रावर पसरला. एफ/५ ची (फोकल लेन्थ भागिले व्यास) दुर्बीण एफ/१० झाली आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पाव प्रकाश आला. ताऱ्यांचं तेवढं बिघडत नाही, कारण तारा बिंदूच असतो. दीर्घिका पसरट असते, तिच्या कडा मुळातच आकाशाच्या उजेडापेक्षा कितीतरी मंद असतात, त्या अशा वेळी पहिल्यांदा जातात.

फोकस न येण्याचं कारणही सांगते, कारण ते तुमचं एकट्याचं नाही. डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या लहान न्यूटोनियनमध्ये फोकसर पूर्ण आत नेला तरी प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोचत नाही. आयपीस जिथे बसतो त्याच्या कितीतरी मागे डीएसएलआरचा सेन्सर असतो. उपाय दोन. कॅमेरा दुर्बिणीला जोडणारा टी-अडॅप्टर शक्य तितका कमी जाडीचा वापरून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर मुख्य आरशाच्या मागचे स्क्रू लांब घालून आरसा नळीत दोन-तीन सेंटिमीटर वर आणतात. दुसरं काम घाईने करू नका. आधी कोणाकडून तरी कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, नीट शिकून घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा ठिकाणी हे हाताने करून दाखवणारी माणसं भेटतात. व्हिडिओ बघून पहिल्यांदा आरसा उघडण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

आता 'भुजा' या शब्दाबद्दल. देवयानी आपल्याला खूप तिरकी, जवळजवळ कडेवरून दिसते. त्यामुळे तिचा चांगला फोटो आला तरी त्यात सुटे, उलगडलेले वेटोळे दिसणार नाहीत. दिसतील ते गाभ्याभोवतीचे धुळीचे काळसर पट्टे आणि बाहेरच्या कडेला निळसर ताऱ्यांचे पुंजके. शिकवणीच्या पुस्तकात असतं तसं भोवरा चित्र हवं असेल, तर ती दीर्घिका वेगळी: एम ५१, शामशबल तारकासमूहातली, सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाजवळ. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून बघून हिचा भोवरा कागदावर काढला होता. देवयानीची रचना मात्र डोळ्यांना दाद देत नव्हती. ती पहिल्यांदा उघड झाली १८८८ मध्ये, आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची परावर्तक दुर्बिणीतून घेतलेल्या लांब एक्स्पोजरच्या काचेच्या प्लेटवर. २० इंची दुर्बीण रॉस यांच्या दुर्बिणीहून कितीतरी लहान. काचेची प्लेट तेवढी तासन्‌तास उघडी राहिली होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या प्लेटमध्ये दिसतं. दीर्घिकेला व्यासाआधी वेळ लागतो.

हा वेळ किती, ते आकाशावर ठरतं. आकाशाचा अंधार मोजायचं जे परिमाण आहे त्यात मोठ्या शहराचं आकाश सहसा १८ च्या आसपास येतं आणि चांगली अंधारी जागा २१.५ च्या. आकडे जवळचे दिसतात, पण हे प्रतींचं, म्हणजे ताऱ्यांचं तेज ज्यात मोजतात ते, माप आहे. साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे उजेडात सुमारे २५ पट फरक. दीर्घिकेच्या मंद भागांसाठी हिशेब सरळ आहे: पार्श्वभूमी जितक्या पट उजळ, तितक्या पट जास्त वेळ द्यावा लागतो. अंधाऱ्या जागी तीन तासांत जे मिळतं, ते तशा गच्चीवरून मिळवायला ७५ तास लागतील. तुमची गच्ची नाशिकच्या बाहेरच्या अंगाला असेल तर हा आकडा बराच उतरेल, मध्यवस्तीत असेल तर नाही. पण एक रात्र भंडारदऱ्याच्या बाजूला जाऊन काढणं आणि दुर्बिणीवर पैसे घालणं यात निवडायचं असेल, तर मी डोळे झाकून पहिलं निवडेन.

प्रकाशप्रदूषण कापणारा फिल्टर घेऊ का, असं याच्या पाठोपाठ विचारलं जातं, म्हणून आत्ताच सांगते. तेजोमेघांसाठी अरुंद पट्ट्याचे फिल्टर अप्रतिम काम करतात, कारण तेजोमेघ ठरावीक रंगांतच उजळतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचाही तसाच. त्यामुळे जो फिल्टर दिवा अडवतो तो दीर्घिकाही अडवतो. ते पैसे पेट्रोलला ठेवा.

मग बाहेर गेल्यावर काय लावायचं? तुमची ५५-२५० लेन्स. खरंच. दुर्बिणीच्या नळीवरच्या रिंगला कॅमेरा बसवा, याला पिगीबॅक म्हणतात, आणि दुर्बीण त्या रात्री फक्त वजन म्हणून राहू दे. बऱ्याच रिंगांवर कॅमेऱ्याचा स्क्रू आधीच दिलेला असतो. २०० मिमीवर तुमच्या फ्रेममध्ये साधारण ६.४ बाय ४.३ अंश आकाश येतं, देवयानी आरामात मावते आणि आजूबाजूला मोकळं आकाशही राहतं. ते पुढे पार्श्वभूमी सपाट करताना लागतं. शिवाय या फोकल लेन्थवर एक पिक्सेल जवळपास ४ आर्कसेकंदांचा होतो (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यामुळे माउंटच्या लहानसहान चुका पोटात घातल्या जातात.

माउंटवरून आठवलं, ८ इंची दुर्बीण नको म्हणण्याचं दुसरं मोठं कारण तेच आहे. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. दोन मिनिटांच्या एका फ्रेममध्ये ते अर्धा अंश, म्हणजे अख्ख्या चंद्राएवढं सरकतं. १००० मिमी फोकल लेन्थवर तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.८ आर्कसेकंदांहूनही बारीक. अर्धा अंश चालत जायचं आणि वाट एक-दोन आर्कसेकंदांहून जास्त चुकू द्यायची नाही, हे माउंटचं काम. ८ इंची नळी, कॅमेरा आणि गाइडस्कोप (माउंट नीट चालतोय का ते बघणारी लहान जोडदुर्बीण) मिळून १० किलोच्या आसपास जातात. ईक्यू-२ ला ते वजन उभं धरणंही जमणार नाही, मग चालणं दूरच. म्हणून पुढे कधी खर्च करायचा झाला, तर आधी माउंट, मग नळी. कंपनी जेवढं वजन पेलतो म्हणते त्याच्या निम्म्यावर फोटोसाठी विसंबायचं, हा मी पाळत आलेला नियम आहे.

आता त्या रात्रीबद्दल जरा सावकाश सांगते, कारण खरी गंमत आणि खरी चूक दोन्ही तिथे होतात.

एम ३१ साठी आपले महिने ऑक्टोबर ते डिसेंबर. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येतं, त्यामुळे या ऋतूतली एक उत्तम काळोखी रात्र फटाक्यांच्या धुराखाली जाते. गावापासून लांब असलात तर हरकत नाही, नाहीतर कार्तिकातली अमावास्या धरा. तेव्हा देवयानी रात्री आठ-नऊच्या सुमारास सर्वात उंच असते, नाशिकहून बघितली तर क्षितिजापासून ६८-६९ अंशांवर. एवढ्या उंचीवर मध्ये हवा कमी, धूळ कमी. जागा निवडताना शहर कोणत्या दिशेला पडतं ते बघा. मी जाते ती जागा पुण्याच्या नैर्ऋत्येला, वेल्ह्याच्या पुढे आहे. तिथून पुण्याचा उजेड ईशान्येला घुमटासारखा दिसतो आणि देवयानी नेमकी त्याच बाजूला उगवते. म्हणून मी ती डोक्याजवळ येईपर्यंत शटर उघडत नाही. तोवर सामान लावून होतं.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं ही आपल्याकडची खास अडचण. परदेशी व्हिडिओंत ध्रुवतारा छान उंचावर असतो. नाशिकला तो फक्त २० अंशांवर, पुण्यात साडेअठरा. म्हणजे समोरच्या इमारतीच्या, झाडाच्या किंवा नुसत्या धुरकटीच्या मागे. काही माउंट इतके खाली कलवले की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. ते अंधारात कळण्याआधी घरीच तपासा. ईक्यू-२ ला ध्रुवदुर्बीण नसते, तेव्हा अक्षांशाची पट्टी २० वर लावा आणि अक्षाच्या रेषेतून नजर टाकून ध्रुवतारा धरा. खरा ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. २०० मिमीवर ३० सेकंदांसाठी एवढ्याने बहुधा निभावतं.

निभावलं नाही, तारे लांबट आले, तर ड्रिफ्ट पद्धत वापरा. हिला ध्रुवतारा दिसायचीही गरज नाही. दक्षिणेला, मध्यान्हरेषेजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरची आकाशातली रेषा) असलेला एक तारा दुर्बिणीत धरा आणि मोटर चालू ठेवून पाच मिनिटं बघत राहा. तो दक्षिणेकडे घसरला तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. ते दुरुस्त झालं की पूर्वेला खालच्या बाजूचा, पण विषुववृत्ताजवळचाच तारा घ्या: दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे लक्ष देऊ नका, ती मोटरची बाब. इथे तुमची बार्लो खरोखर उपयोगी पडेल, सरकणं लवकर कळतं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत: रॉ फॉरमॅट, मॅन्युअल मोड, आयएसओ ८०० किंवा १६००, लेन्स पूर्ण उघडी, ऑटोफोकस बंद आणि लेन्सवरचं इमेज स्टॅबिलायझेशनही बंद. ते चालू राहिलं तर ट्रायपॉडवर उगाच लेन्स हलवत बसतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अंधारात स्वतःशी घालवतो आणि तुमची निम्मी रात्र जाते. फोकस अनंताच्या खुणेवर ठेवू नका. ठळक तारा धरून लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा, तारा सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावा. पहिल्या फ्रेमनंतर हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा. डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला हवा, साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर. अंधाऱ्या जागी एफ/५.६ ला ३० सेकंदांत तो तिथवर पोचणार नाही, पण भिंतीला चिकटलेला नसला की पुरे. ट्रॅकिंग तग धरत असेल तर ४५ किंवा ६० सेकंद करून बघा.

मग मोजत राहा. ३० सेकंदांच्या २०० फ्रेम म्हणजे १०० मिनिटं प्रकाश. तुमच्या गच्चीवरच्या प्रयत्नाच्या दसपट वेळ, आणि बार्लोच्या तुलनेत प्रत्येक पिक्सेलवर तिपटीहून जास्त उजेड, तोही काळ्या आकाशावर. एकेका फ्रेमवर मात्र निराश होऊ नका. माझ्या एम ५१ ची दोन मिनिटांची एक फ्रेम स्क्रीनवर उघडली तर तांबूस-करड्या आकाशात दोन पुसट ठिपके दिसतात, एक मोठा, एक लहान, बस्स. तशा ९० फ्रेम एकत्र केल्या की मोठ्या ठिपक्याचे दोन वेटोळे उलगडतात आणि त्यांतला एक लांबत जाऊन लहान ठिपक्याला, एनजीसी ५१९५ ला, टेकतो. दीर्घिका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असते आणि कणीदार नॉइज दर वेळी वेगळ्या जागी, म्हणून बेरीज केली की एक साचत जातं आणि दुसरं आपसात कापलं जातं. हा फायदा वर्गमुळाने वाढतो: चार फ्रेमला दुप्पट, शंभर फ्रेमला दसपट. पहिला तास सर्वात जास्त देतो, आणि चित्र आणखी दुप्पट स्वच्छ करायचं तर पुढे तीन तास ओतावे लागतात.

दर १५-२० फ्रेमनंतर कॅमेरा किंचित, काही पिक्सेलांपुरता, इकडेतिकडे सरकवा. न सरकवता रात्रभर एकाच दिशेने हळूहळू वाहू दिलं, तर सेन्सरचे गरम पिक्सेल स्टॅकमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेमच्या बेरजेत, पावसाच्या तिरक्या रेघांसारखे उमटतात. ते नंतर कशानेही जात नाहीत.

डार्क, फ्लॅट आणि बायस या तीन प्रकारच्या साहाय्यक फ्रेमही लागतात. डार्क म्हणजे झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या आणि तेवढ्याच आयएसओच्या फ्रेम, त्याच रात्रीच्या थंडीत. हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की त्यात उष्णतेने उमटणारा खोटा उजेड जवळपास दुप्पट होतो. डिसेंबरमधली १२ अंशांची रात्र आणि एप्रिलमधली ३० अंशांची रात्र यांत आठपट फरक पडतो, त्यामुळे हिवाळ्यातले डार्क उन्हाळ्यात चालत नाहीत. बायस सगळ्यात सोपे: झाकण लावून, सर्वात वेगवान शटरवर ५० फ्रेम.

फ्लॅटबद्दल मी एक धडा महागात शिकले. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याचा फोटो, त्यात लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीच्या सावल्या नोंदल्या जातात आणि पुढे भागाकार करून काढता येतात. एका फेब्रुवारीत मी एम ५१ चे तीन तास गोळा केले, पहाटे थंडीने हात कडक झाले होते, म्हणून कॅमेरा काढून पेटीत ठेवला आणि फ्लॅट घरी घेईन म्हटलं. घरी कॅमेरा पुन्हा लावताना तो काही अंश फिरला. धुळीच्या सावल्या फ्लॅटमध्ये एका जागी, फोटोत दुसऱ्या जागी. दीर्घिकेशेजारी दोन काळी कडी उरली, ती आजही त्या फोटोत आहेत. तेव्हापासून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी फ्लॅट. पहाटेचं आकाश उजळू लागलं की दुर्बिणीच्या तोंडावर धुवट पांढरं सुती धोतर चार पदरी, एकही सुरकुती न ठेवता ताणून बांधते, दोऱ्याने आवळते, हिस्टोग्राम मधोमध येईल असं शटर ठेवून ३० फ्रेम घेते. फोकस तसाच, कॅमेरा तसाच.

दंवाचं भान ठेवा. ऑक्टोबरनंतर मोकळ्या माळावर मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर दंव धरतं. तुम्हाला ते कळत नाही, नुसते तारे फुगत जातात. दर अर्ध्या तासाने टॉर्च तिरपा धरून काच बघा. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा आणि पॉवर बँक एवढ्याने काम भागतं. काच रुमालाने कधीच पुसू नका.

इथवरचं एका ओळीत: बार्लो काढा, लेन्स लावा, काळोखात जा, आणि १० मिनिटांऐवजी १०० मिनिटं द्या.

घरी आल्यावर फ्रेम एकत्र करायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे प्रोग्रॅम, दोन्ही मोफत आहेत. मी आता सिरिलच वापरते. स्टॅक उघडल्यावर स्क्रीन जवळजवळ काळा दिसेल, घाबरू नका. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला दाटलेली असते. आधी पार्श्वभूमीचा उतार काढा, म्हणजे एका बाजूने आलेला शहराचा उजेड. सिरिलमध्ये ती सोय आहे, ग्रॅक्सपर्ट नावाचा वेगळा मोफत प्रोग्रॅमही हेच काम छान करतो. मग रंग जुळवा, आणि त्यानंतर स्ट्रेच, म्हणजे मंद भाग ओढून उजळ करणं, थोडाथोडा, चार-पाच वेळा. एकदाच जोरात ओढलं की गाभा पांढराफट जळतो आणि त्यालगतचे धुळीचे पट्टे त्यात बुडतात. आकाश पूर्ण काळं करायचा मोह आवरा. दीर्घिकेचा सर्वात मंद बाहेरचा भाग त्या गडद करड्यातच असतो, काळं केलंत की तो स्वतःच्या हाताने पुसलात.

देवयानी जमली की पुढे कुठे जायचं, यात नुसता प्रतीचा आकडा बघून फसू नका. एम १०१ ची एकूण प्रत एम ५१ पेक्षा चांगली आहे, तरी ती कितीतरी अवघड, कारण तिचा प्रकाश जवळपास चंद्राएवढ्या क्षेत्रावर पसरलेला आहे. शहरातून मी तिच्या वाटेला जात नाही. त्रिकोणातली एम ३३ ही तशीच, काळोख असेल तरच. उलट कन्येतली एम १०४, टोपीसारखी दिसणारी, लहान पण प्रकाश एकवटलेली. तिचा काळा पट्टा साध्या गच्चीवरूनही येतो. सप्तर्षीतली एम ८२ तशीच. मात्र एम ८१ आणि एम ८२ आपल्याकडे ४१ अंशांच्या वर चढत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी उत्तर स्वच्छ हवी. या सगळ्यांना तुमची दुर्बीण लागेल, बार्लोशिवाय, फोकसचा प्रश्न सोडवून. आणि आपल्याला एक देणगी आहे, ती विसरू नका: एनजीसी २५३ ही दक्षिणेची मोठी दीर्घिका नाशिकहून जवळजवळ ४५ अंशांवर येते आणि सेंटॉरस ए २७ अंशांवर. युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना या दोन्हींसाठी क्षितिजाशी झगडावं लागतं किंवा त्या दिसतच नाहीत.

दीर्घिकांचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते मे, सिंह, कन्या आणि अरुंधती केश डोक्यावर असतात तेव्हा. आपल्याकडे तेव्हाच राब भाजले जातात, डोंगरउतारांवर धूर असतो, हवेत धूळ असते, आणि जूनमध्ये सगळं बंद. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या अमावास्या मी वर्षभर आधी राखून ठेवते. घरातल्यांनाही त्या तारखा ठाऊक असतात.

८ इंची दुर्बिणीची वेळ येईल. गाइडस्कोप, त्यावर एक लहान कॅमेरा, लॅपटॉपवर पीएचडी२ हा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी तारा बघून माउंटला सावरतंय, आणि तुम्ही दोन मिनिटांच्या फ्रेम निर्धास्त घेताय, इथे पोचलात की मग एम ५१ ला व्यासाचा फायदा खरोखर होतो. तोवर नको.

कार्तिक अमावास्येचा स्टॅक झाला की भुजा शोधण्याआधी एक करा. देवयानीच्या गाभ्याच्या दक्षिणेला, अगदी लगत, एक गोल, तेजस्वी, फुगलेल्या ताऱ्यासारखा ठिपका दिसेल. ती एम ३२, ती तुम्हाला गच्चीवरूनही मिळेल. मग गाभ्याच्या वायव्येला, जरा जास्त अंतरावर बघा. तिथे एम ११० आहे, लांबट, कापसासारखी, कडा कुठे संपते ते न कळणारी. ती स्वच्छ दिसली तर तुमचं आकाश, फोकस आणि वेळ तिन्ही जमलं. नुसती जाणवली, तर त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने पुढच्या अमावास्येला आणखी दोन तास घ्या आणि दोन्ही रात्रींच्या फ्रेम एकत्र स्टॅक करा.